दोन स्पीकर, एक आवाज

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालेल्या गाडीत अभंग लागलेला असणे ही त्या रस्त्यावरची रोजची गोष्ट आहे. पण गाडीत कॉम्पोनंट स्पीकर असतील आणि ते जाणकार हातांनी बसवलेले असतील, तर ऐकणाऱ्याला वेगळाच अनुभव येतो. गायकाचा आवाज दारातून येत नाही. तो समोर, डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या जरा अलीकडे उभा राहतो. तबला त्याच्या एका बाजूला बसतो, टाळ थोडे मागे सरकतात. ज्या जागेवरून गायक गातो आहे असे कान शपथेवर सांगतात, त्या जागी स्पीकर नाही, तार नाही, काहीही नाही. मग तो आवाज तिथे आहे की नाही? प्रश्न दुकानातला वाटतो, पण जे दिसते, जे ऐकू येते त्याला कोणत्या अर्थाने खरे म्हणायचे, हा आपल्या दर्शनांचा फार जुना वाद आहे. माझे म्हणणे असे की या आवाजाला भास म्हणणे चूक आहे, आणि ती चूक का आहे हे दोरीवर साप भासण्याच्या, म्हणजे रज्जुसर्पाच्या, दृष्टांतापेक्षा ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’तून अधिक स्वच्छ कळते. ज्या निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून तो ग्रंथ लिहिला गेला असे परंपरा मानते, त्यांची समाधी याच रस्त्याच्या टोकाला त्र्यंबकेश्वरी आहे.

आधी हा आवाज कशाचा बनतो ते पाहू. साध्या कोअ‍ॅक्सियल स्पीकरमध्ये ट्वीटर वूफरच्या पोटातच बसवलेला असतो. कॉम्पोनंट सेटमध्ये दोन्ही वेगळे मिळतात: दारात बसणारा साधारण साडेसहा इंची वूफर, आरशामागच्या त्रिकोणात किंवा पुढच्या काचेच्या पिलरवर बसणारा इंचभर घुमटाचा ट्वीटर, आणि दोघांच्या मध्ये क्रॉसओव्हर. क्रॉसओव्हर आलेला सूर दुभागतो. ठरावीक कंपनसंख्येच्या, बहुधा तीनचार हजार हर्ट्झच्या, खालचे सगळे वूफरकडे जाते आणि वरचे ट्वीटरकडे. म्हणजे गायक ‘विश्व’ असा एकच शब्द उच्चारतो तेव्हा त्यातल्या स्वरांचे शरीर गुडघ्याजवळच्या वूफरमधून येते आणि ‘श’चा घर्षणध्वनी बराचसा खांद्याच्या उंचीवरच्या ट्वीटरमधून. शब्द अक्षरशः दोन जागी फाटलेला असतो. क्रॉसओव्हर चुकीचा असेल, किंवा ट्वीटर वूफरपासून फार दूर आणि भलत्या दिशेला तोंड करून बसवला असेल, तर तो फाटलेलाच ऐकू येतो: स्वर पायाशी, ‘श’ कानाशी. जमले असेल तर शब्द अखंड येतो. हे डाव्या बाजूला घडते तसेच उजव्या बाजूलाही. चार तुकडे, आणि ऐकू येणारा माणूस एक.

तो मधोमध का उभा राहतो याचे कारण आपल्या कानांत आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे दोन कानांपर्यंत पोचण्यातल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ठरते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. आवाज अगदी बाजूने आला तरी वेळेचा हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांशाएवढाच असतो. दोन्ही बाजूंनी सारखाच सूर एकाच क्षणी पोचला, तर मन त्याला समोर मध्यावर ठेवते. अ‍ॅलन ब्लमलिन यांनी डिसेंबर १९३१मध्ये पेटंटसाठी मांडलेली स्टिरिओची कल्पना याच पायावर उभी आहे. गाडीत अडचण अशी की चालक मध्यावर बसत नाही. आपल्याकडे तो उजवीकडे असतो. उजवे दार जवळ, डावे दूर. दोन्ही अंतरांत अर्ध्या मीटरचा फरक धरला, तर आवाजाच्या सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने डावा सूर जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा येतो. हा उशीर डोक्याच्या रुंदीने पडू शकणाऱ्या फरकाच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणून सगळा मेळ उजव्या दारात गोळा होतो. यावर उपाय म्हणून डीएसपी, म्हणजे सुरावर प्रक्रिया करणारे उपकरण, जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवते. लांबच्याला घाई करता येत नाही. जो जवळ आहे त्यानेच थांबायचे असते. तो थांबला की गायक उजव्या दारातून निघून मध्यावर येतो.

आता ज्या पुराव्यावर माझा सगळा भर आहे तो सांगतो. एका बाजूच्या वूफरच्या दोन तारा उलट जोडा, प्लसच्या जागी मायनस. स्पीकर तेच, त्यांची किंमत तीच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, वॅट तितकेच, अभंगही तोच. मधला गायक मात्र नाहीसा होतो. खर्ज वितळतो, आवाज धुक्यासारखा गाडीभर पसरतो आणि त्याला जागाच राहत नाही. एका वूफरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, इतकेच घडलेले असते. तारा पुन्हा सरळ केल्या की गायक परत येतो. यावरून दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात. तो गायक म्हणजे भागांची बेरीज नव्हे, कारण सगळे भाग हजर असताना तो गैरहजर राहू शकतो. आणि तो मनाची लहरही नव्हे, कारण मनाने कितीही इच्छा केली तरी उलट्या तारांवर तो उभा राहत नाही.

इथे बौद्धांचे उत्तर मनात येते, आणि नाशिकमध्ये ते आठवायला लांब जावे लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग पांडवलेणी या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशीच आहे. संयुत्त निकायात बुद्धांनी वीणेचा दृष्टांत दिला आहे. एका राजाने वीणेचा नाद प्रथमच ऐकला आणि तो नादच आणून द्या अशी आज्ञा केली. वीणा आणली तेव्हा त्याने तिची शकले केली, शकलांच्या चिरफळ्या केल्या, त्या जाळून राख वाऱ्यावर उडवली आणि वीणा ही तुच्छ गोष्ट आहे असा निर्णय दिला, कारण आत नाद कुठेच सापडला नाही. स्पीकर उघडून गायक शोधणारा याच राजाच्या वाटेने जातो. दृष्टांताचा रोख देहमनाच्या पाच घटकांत, म्हणजे पंचस्कंधांत, ‘मी’ सापडत नाही हे दाखवण्याचा आहे, आणि तेवढ्यापुरता तो मला बिनतोड वाटतो. आवाज अनेक कारणांच्या मेळातून उपजतो, कोणत्याही एका भागात राहत नाही, हे वरच्या तारांनीच दाखवले. पण ‘भागांत नाही’ यावरून ‘म्हणून पोकळ आहे’ असे कोणी म्हणू लागला, तर मी तिथे थांबतो. राजाची चूक वीणेवर विश्वास ठेवण्याची नव्हती. नाद वीणेपासून सुटा करून मागितला, ही होती.

अद्वैत्यांचा आक्षेप याहून कठीण आहे. दोरी पाहिली की साप नाहीसा होतो, पण मध्ये स्पीकर नाही हे पक्के कळल्यावरही गायक तिथेच राहतो, तेव्हा हा भ्रम नव्हे, एवढ्यावर माझे काम भागत नाही. वेदान्ती म्हणेल, हा सोपाधिक भ्रम आहे. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवले की स्फटिक लाल दिसतो. तो पांढरा आहे हे ठाऊक असूनही, फूल हलवेपर्यंत लालच दिसतो. तसे स्पीकर आहेत तोवर गायक भासणारच. आक्षेप खरोखर बळकट आहे. पण स्फटिकाच्या बाबतीत खरे काय ते वेगळे सांगता येते: स्फटिक स्वच्छ आहे. ‘आवाज मध्यावर आहे’ या विधानाला खोडणारे खरे विधान कोणते? ‘आवाज दोन दारांत आहे’ हे? दारे सुटी सुटी ऐकू येतात ती मांडणी बिघडल्यावर. बिघाडाला सत्य आणि सुधारलेल्याला भ्रम म्हणणारा सिद्धान्त कुठेतरी उलटा जोडलेला असला पाहिजे. तिथे देहधारी माणूस बसला आहे असे कोणी मानले, तर तो भ्रम हात पुढे करताच जातो. पण तसे कोणी म्हणतच नाही. म्हणणे आवाजापुरते आहे, आणि आवाजाची जागा देवळात समोर बसून कीर्तन ऐकतानाही दोन कानांच्या त्याच सूक्ष्म फरकावरून ठरते. गाडीतल्या आवाजाची जागा खोटी असेल तर कीर्तनकाराच्या आवाजाची जागाही त्याच न्यायाने खोटी ठरते. सगळा व्यवहारच मिथ्या असे म्हणणारा वेदान्ती हे मान्य करील. करू द्यावे, मग स्पीकरमधला अभंग तेवढा नकली आणि समोरचा अस्सल, हा भेद त्याच्या हातात उरत नाही.

ज्ञानदेव काय म्हणतात? त्यांना जगाला भास मानणारे मायावादी म्हणायचे की चैतन्याचा खेळ मानणारे चिद्विलासवादी, हा अभ्यासकांतला जुना वाद आहे. पण ‘अमृतानुभवा’च्या दहा प्रकरणांत सातवे, सर्वांत विस्ताराचे प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिलेले आहे, आणि जगाचे दिसणे अज्ञानावर ढकलण्याला त्यात जागाच ठेवलेली नाही. त्याहून आपल्या विषयाला भिडते ते पहिले प्रकरण. शिव आणि शक्ती दोन असून एक कसे, हे सांगताना तिथे दृष्टांतांची ओळ येते: दोन दांड्यांचा नाद एक, दोन फुलांचा गंध एक, दोन दिव्यांचा प्रकाश एक, दोन ओठांचा बोल एक, दोन डोळ्यांची दृष्टी एक. या ओळीत दोन स्पीकरांचा आवाज सहज जाऊन बसतो, पण तेवढ्याने मी निश्चिंत होत नाही, कारण इथे एक खरा फरक आहे. ज्ञानदेवांचे एकत्व दोघांच्या आधीचे आहे. एकच दोन होऊन खेळते. स्पीकरचे एकत्व दोघांच्या नंतर जुळवलेले, कारागिराच्या हातचे आहे, असे कोणी म्हणेल. पण सूर जातो ती वाट पुन्हा पाहा. गायकाचा कंठ एकच होता. बहुतेक गाण्यांत मुख्य आवाज डाव्या-उजव्या दोन्ही वाटांवर सारखाच ठेवतात. जुन्या मोनो ध्वनिमुद्रिकेत तर सगळेच दोन्हीकडे तंतोतंत एक असते. पुढे क्रॉसओव्हर त्याचे वरचे-खालचे भाग करतो. एकच आधी दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि कानाशी पुन्हा एक उरले. कारागीर एकत्व निर्माण करत नाही. ते मोडणारे अडथळे तो दूर करतो. त्याचे बहुतेक काम काढून टाकण्याचेच असते.

आणखी दोन आक्षेप उरतात. पहिला: हा गायक एकाच सीटवरून मध्यावर ऐकू येतो, शेजारच्याला तो सरकलेला, मागच्यांना विखुरलेला. मग तो त्या एकट्याच्या मनातला झाला. पण इंद्रधनुष्यही ठरावीक जागी उभे राहिल्यावरच दिसते, म्हणून ते खाजगी ठरत नाही. त्या जागी जो उभा राहील त्याला दिसते. चालकाच्या सीटवर कोणीही बसावे, गायक त्याला मध्यावरच भेटेल. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वारकऱ्याचे भजन एकट्याचे नसते. टाळकरी असतात, ध्रुपद उचलणारे असतात, गाणारा समोरच्यांकडे पाहून थांबतो आणि वाढवतो. डॅशबोर्डवरचा गायक कोणाची वाट पाहत नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत पायी चालणाऱ्या दिंडीची बरोबरी कोणतीही गाडी करणार नाही. पण ही उणीव संगतीची आहे, खरेपणाची नाही. जो गायक आज हयात नाही त्याचा आवाजही मध्यावर उभा राहतो तेव्हा तो खोटा नसतो. तो उत्तर देऊ शकत नाही एवढेच.

गायक भागांत नसून त्यांच्या जुळणीत आहे हे पटले तर खर्चाचा क्रम बदलतो, आणि आज बाजारात दिसणारा क्रम मला चुकीचा वाटतो. गाड्या घडवणाऱ्या या नाशिक शहरात माणसे स्पीकर घेताना बहुधा खोक्यावरचे वॅट आणि खर्जाचा दणका विचारतात. आधी दार पाहावे. डोअर पॅडमागच्या पत्र्याला मोठी भोके असतात. वूफरच्या पाठीचा सूर त्यातून पुढे येऊन पुढच्या सुराला मारतो. ती बुजवणे आणि पत्र्याला डॅम्पिंग शीट लावणे, यात महागड्या ब्रँडपेक्षा जास्त फळ आहे. मग ट्वीटरची जागा, वूफरला शक्य तितकी जवळ. मग चारही जोडांचे प्लस-मायनस एकेक करून तपासणे. गाडीचा मूळ स्टिरिओच ठेवायचा असेल, तर त्याची खरी ताकद दर बाजूला पंधरावीस वॅटच्या आसपास असते, तेव्हा थोड्या वॅटवर मोकळा वाजणारा, जास्त सेन्सिटिव्हिटीचा सेट घ्यावा. वेळेची जुळणी सर्वांत शेवटी, आणि ती करताना दणकेबाज गाणे न लावता वाद्ये थोडी असलेला एकट्या कंठाचा अभंग लावावा. बसवणाऱ्याने डोळे मिटून गायकाकडे बोट दाखवावे. ते बोट दाराकडे गेले तर काम अजून बाकी आहे.