कोडें घालणाऱ्याचा धर्म

‘धर्माचे गाई आणि दांत कां गे नाहीं’ ही म्हण आपल्या समाजांत इतकी मुरलेली आहे कीं, कोणी कांहीं विनामूल्य दिलें म्हणजे त्याच्या गुणदोषांची चर्चा करणें आपणांस असभ्यपणाचें वाटतें. जो पैसे घेतो त्याच्या मालाची पारख करावी, जो प्रेमानें देतो त्याचे आभार मानून स्वस्थ बसावें, असा सर्वसाधारण संकेत आहे. आणि व्यवहारांत तो बहुधा ठीक चालतो. परंतु दानाचे कांहीं प्रकार असे आहेत कीं, तेथें घेणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते. फक्त ती नाण्यांत मोजली जात नाहीं. अशा दानाला हा संकेत लागू करावा कीं नाहीं, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. तो तपासण्यासाठीं आम्ही येथें एक वरकरणी क्षुल्लक वाटणारें उदाहरण घेतों. तें म्हणजे संगणकावरील जुन्या कोड्यांच्या खेळांकरितां हौशी रसिकांनीं स्वतः रचून फुकट वांटलेले कोड्यांचे संग्रह.

या खेळांचा ज्यांना परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. १९८२ सालीं जपानांतील ‘थिंकिंग रॅबिट’ या संस्थेनें ‘सोकोबान’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. हिरोयुकी इमाबायाशी हा त्याचा जनक. सोकोबान म्हणजे वखारीचा रखवालदार. पडद्यावर वखारीचा नकाशा असतो. त्यांत कांहीं पेट्या असतात व तितक्याच जागा आंखून दिलेल्या असतात. रखवालदारानें पेट्या ढकलीत ढकलीत त्या जागांवर नेऊन ठेवावयाच्या. नियम दोनच: एका वेळीं एकच पेटी हलवावयाची, आणि पेटी ढकलतां येते पण ओढतां येत नाहीं. या दुसऱ्या नियमांतच खेळाचें सारें मर्म आहे. रिकाम्या कोपऱ्यांत गेलेली पेटी कायमची गेली! ही चूक निदान डोळ्यांना दिसते. परंतु इतर कित्येक चुका अशा असतात कीं, त्यांचें फळ फार पुढें गेल्यावर पदरांत पडतें.

हे नकाशे साध्या चिन्हांनीं लिहितां येतात. पेटीला डॉलरचें चिन्ह, तिच्या जागेला टिंब, भिंतीला आणखी एक खूण, एवढ्या सामग्रीवर कोणालाही कोडें रचतां येतें. त्यामुळें मूळचीं कोडीं थोडीं असलीं तरी रसिकांनीं रचलेलीं कोडीं आज हजारोंनीं मोजावीं लागतात. अमेरिकेंत चक सॉमरव्हिल यानें १९८९ सालीं अटारी कंपनीच्या ‘लिंक्स’ या हातांत धरावयाच्या यंत्रासाठीं रचलेल्या ‘चिप्स चॅलेंज’ या खेळाचेंही तसेंच झालें. त्याच्या विंडोजवरील आवृत्तींत १४९ कोडीं होतीं. तीं संपल्यावर रसिकांनीं आपापलीं कोडीं एकत्र करून, मतें घेऊन, निवडक संग्रह सिद्ध केले, आणि मूळ खेळाप्रमाणेंच प्रत्येकांत १४९ कोडीं ठेवून ते मोफत वांटले.

आतां कोणी म्हणेल, ‘अहो, एवढ्या हौसेनें दिलेल्या वस्तूंत काय उणें काढतां? आवडलें तर सोडवा, नाहीं तर सोडून द्या!’ वाईट कादंबरीविषयीं हें म्हणणें अगदीं बरोबर आहे. दहा पानें वाचून वाचकाला कळून चुकतें कीं लेखक कच्चा आहे. तो पुस्तक मिटतो आणि दोष लेखकाच्या पदरांत टाकून मोकळा होतो. कोड्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कोडें सुटत नाहीं तेव्हां सोडविणारा प्रथम स्वतःलाच दोष देतो. तें अवघड आहे म्हणून सुटत नाहीं, कीं बिघडलेलें आहे म्हणून सुटत नाहीं, हें समजण्याचा मार्ग त्याच्यापाशीं नसतो. एखादा शाळकरी मुलगा तीन संध्याकाळ एका नकाशाशीं झुंजतो आणि अखेर ‘मला डोकेंच नाहीं’ असें म्हणून उठतो. वस्तुतः रचणाऱ्यानें एक भिंत चुकीच्या ठिकाणीं घातलेली असते. वाईट पुस्तक आपली लाज स्वतःच उघडी करतें. वाईट कोडें ती लाज सोडविणाऱ्याच्या गळ्यांत बांधतें. म्हणून कोडें रचणाऱ्याचें उत्तरदायित्व कवीच्या किंवा कादंबरीकाराच्या उत्तरदायित्वाहून अधिक कडक आहे, असें आमचें मत आहे. आणि पैसे न घेतल्यानें तें रतिभरही हलकें होत नाहीं.

हें उत्तरदायित्व झुगारल्याचें एक जुनें उदाहरण प्रसिद्ध आहे. पंधरा सोंगट्या सरकवून त्या क्रमानें लावण्याच्या चौकटीचें वेड १८८० सालीं अमेरिकेंत व युरोपांत पसरलें होतें. त्यांत केवळ १४ व १५ या दोन सोंगट्यांची अदलाबदल करावी, हें मागणें अशक्य आहे असें गणितज्ञांनीं १८७९ सालींच सिद्ध केलें होतें. तरीही बुद्धिबळाचे कूटप्रश्न रचण्यांत निष्णात असलेल्या सॅम लॉइड यानें पुढें तें करून दाखविणाऱ्यास एक हजार डॉलरांचें बक्षीस लावलें. बक्षिसाची रक्कम अर्थातच सुरक्षित होती. लोक याला चतुराई म्हणून हंसतात. पण ज्यांचे तास त्या सोंगट्यांत गेले त्यांच्या बाजूनें पाहिलें तर हा सरळ विश्वासघात होय. कोडें घालणें म्हणजे ‘याला उत्तर आहे’ असें वचन देणें.

सोकोबानसारख्या खेळांत तर या वचनावांचून गत्यंतर नाहीं. या खेळाचा प्रश्न संगणकशास्त्रांतील अत्यंत कठीण प्रश्नांच्या एका वर्गांत मोडतो, हें जोसेफ कल्बरसन यानें १९९७ सालीं सिद्ध केलें. लहान नकाशे यंत्र सहज सोडवितें. परंतु वाटेल तो मोठा नकाशा सुटणारा आहे कीं नाहीं हें झटपट सांगणारी सर्वसाधारण रीत कोणाच्याही हातीं नाहीं. म्हणजे पुष्कळदां रचणाऱ्याचा शब्द हाच एक आधार उरतो. जेथें पडताळा कठीण तेथें सचोटी अधिक लागते, हा नियम औषधाला लागू आहे, न्यायदानाला लागू आहे, आणि या पेट्यांनाही लागू आहे.

तथापि कोडें सुटणारें असलें म्हणजे तें चांगलें झालें असें मात्र नव्हे. १९९६ सालीं जपानी संशोधकांनीं यंत्राकडून सोकोबानचीं कोडीं रचून घेण्याचा प्रयोग केला. त्यांत नकाशा तयार करणें व तो सुटतो कीं नाहीं हें पाहणें, या दोन पायऱ्यांवर त्यांना थांबतां आलें नाहीं. सुटणाऱ्यांतून रुचिहीन कोडीं काढून टाकण्याची तिसरी पायरी ठेवावीच लागली. या तिसऱ्या पायरीवर काय पाहावयाचें, हाच गुणवत्तेचा खरा प्रश्न होय.

आमच्या मतें तेथें पाहावयाची गोष्ट ही कीं, अवघडपणा विचारांत आहे कीं लपवाछपवींत आहे. चांगल्या कोड्यांत सर्व सामग्री डोळ्यांसमोर उघडी असते, आणि तरीही उत्तर दिसत नाहीं. तें सांपडतें तेव्हां ‘हें मला आधीं कसें दिसलें नाहीं?’ असा आनंदमिश्रित विस्मय होतो. ‘चिप्स चॅलेंज’मध्यें न दिसणाऱ्या भिंती आहेत, आणि वाटेल तसे भटकणारे प्राणीही आहेत. यांचा मितव्ययानें उपयोग करणारा रचनाकार खेळाला रंग आणतो. परंतु ज्यानें नकाशाभर अदृश्य भिंती पेरल्या, किंवा शेवटच्या पावलावर सारें दैवावर सोंपविलें, आणि चुकल्यास पुनश्च आरंभापासून यावयास लावलें, त्यानें बुद्धीची परीक्षा न घेतां केवळ सहनशीलतेची घेतली. तशीच लांबीची गोष्ट. एकच युक्ति वीस पेट्यांवर वीस वेळां करावयास लावणें म्हणजे कठीणपणा नव्हे. ती वेठ होय. परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनींही हा भेद मनांत बाळगण्यासारखा आहे.

संग्रह म्हटला कीं आणखी एक गुण लागतो. तो म्हणजे त्याग आणि क्रम. जें जें रचलें तें तें घालणें हें संग्राहकाचें काम नव्हे. वर सांगितलेल्या रसिकांच्या संग्रहांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्यांचा आरंभींचा संग्रह २००२ सालीं निघाला व त्याला क्रमांक मिळाला दुसरा, कारण पहिला मान मूळ खेळाचा. तिसरा २०१० सालीं आला. हे दोन्ही संग्रह मूळ खेळांत मुरलेल्यांच्या तोलाचे होते. नवख्याला त्यांत पाय ठेवणें जड जाई. मग २०१४ सालीं जो संग्रह आला त्याला क्रमांक दिला पहिला! मूळ खेळ मोकळेपणीं वांटतां येत नव्हता हें त्यामागें एक कारण होतें. पण नवख्यासाठीं सोपें प्रवेशद्वार हवें ही जाणीवही तितकीच प्रबळ होती. चौथा संग्रह पुढें २०१७ सालीं आला. निष्णातांनीं निष्णातांसाठीं रचीत राहावें आणि दाराशीं उभ्या असलेल्याचा विसर पडावा, ही प्रवृत्ति विद्वानांच्या प्रत्येक मंडळांत असते. तिच्यावर मात करून ज्यांनीं क्रमांक एक तिसऱ्याच्या मागून काढला, त्यांचें आम्हांस कौतुक वाटतें.

सोकोबानांतही ‘मायक्रोबान’ नांवाचा १५५ कोड्यांचा एक संग्रह २००० सालापासून रसिकांत प्रिय आहे. त्यांतील बहुतेक नकाशे चिमुकले असून एकेका नकाशांत एखादीच कल्पना असते. ‘सॅस्क्वॉच’ या नांवाच्या कठीण मालिका ज्यानें रचल्या, त्याच रचनाकाराचा हा संग्रह आहे. ज्याला कठीण रचतां येतें त्यानें समजून उमजून सोपें रचणें, यांत जो संयम आहे तो आम्ही कौशल्याहून मोठा मानतों. आपल्याकडे भास्कराचार्यांनीं लीलावतींत गणितें घालतांना उत्तर देणारीला ममतेनें संबोधिलें आहे. सोडविणारी व्यक्ति रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असली म्हणजे काय फरक पडतो, हें तेथें दिसतें.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतों. इतकी कडक कसोटी लावली तर हौशी माणूस भिऊन रचणेंच सोडील, आणि शंभर वाईट कोड्यांबरोबर एक चांगलेंही नाहींसें होईल. हें भय खोटें नाहीं. परंतु रचण्याचा अधिकार आणि वांटण्याचें कर्तव्य यांत अंतर आहे. वहींत वाटेल तें रचावें; तेथें कोणाचा तास खर्च होत नाहीं. तें दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं मात्र स्वतः सोडवून पाहावें, एखाद्या परक्यालाही सोडवावयास द्यावें, आणि त्याच्या कपाळावरील आंठी अवघडपणाची आहे कीं वैतागाची, हें नीट न्याहाळावें. टीकाकारावरही तितकेंच बंधन आहे. ज्यानें कोडें प्रामाणिकपणें सोडविण्याचा यत्न केला नाहीं, त्याला त्याचे दांत मोजण्याचा अधिकार नाहीं.

अशा मर्यादेंत केलेली परीक्षा हा दात्याचा अपमान नसून त्याच्या दानाचा स्वीकार आहे. जी वस्तु आपण मनापासून घेतली तिच्याविषयींच आपण बारकाईनें बोलतों. जी नको असते तिचे आभार मानून ती फळीवर ठेवून देतों. हौशी रचनाकाराला या दोहोंपैकीं काय हवें असेल, हें त्यालाच विचारून पाहावें.