पंधरा वर्षांचा भरवसा

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी आहे. किनारी रस्त्यावर आहे, अटल सेतूवर आहे, पुण्याच्या द्रुतगती महामार्गावरही आहे. पाय पुढे सोडून, एका लयीत मैलोन् मैल जाण्यासाठी घडवलेल्या क्रूझरला मुंबई आणि आसपासचे हे सगळे लांब रस्ते बंद. उरतात पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, एलबीएस मार्ग आणि घोडबंदर. तिथे बराच वेळ क्लच दाबून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. तरीही अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये या गाड्या उभ्या दिसतात. हप्ते भरून घेतलेल्या, रविवारी मन लावून पुसलेल्या. आठवडाभर लोकलच्या गर्दीत उभं राहणाऱ्या माणसाला एक सकाळ स्वतःच्या मर्जीने माळशेज घाटाकडे निघावंसं वाटणं, ही ओढ मला खरी वाटते. तिला उधळपट्टी म्हणून मोडीत काढायला माझं मन धजत नाही.

मुलुंडच्या एका तरुणाने परवा विचारलं, “काका, गाडी मनात बसलीय. टेस्ट राइड घेतल्यापासून दुसरं काही सुचत नाही. पण ज्यांनी घेतलीय तेच सांगतात, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारायची तयारी ठेव. घेऊ की नको?” त्याच्या बोलण्यात पैशाची काळजी होती, उद्या चारचौघांत ‘सांगितलं होतं ना’ ऐकावं लागेल ही धास्तीही होती. मला मात्र त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. शंका त्याला आधीच आली आहे. अजाणतेपणी फसलेल्या माणसाला आपण दोष देत नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याची जबाबदारी खरेदीच्या आधीच सुरू होते.

हौसेला मोल नाही, असं आपण सहज म्हणतो. पण मोल असतंच आणि बरेचदा ते हौस करणारा एकटा चुकवत नाही. जुलैच्या रात्री घोडबंदर रस्त्यावर गाडी बंद पडली, की मागच्या सीटवरची बायको किंवा बहीणही पावसात उभी राहते. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला लावण्याची कडक अंमलबजावणी जून 2022 पासून सुरू झाली. तिच्या जिवाची दखल पोलिसांनी घेतली; गाडी पसंत करताना घरातले तिला विचारतात का? घरात वाहन एकच असेल, सकाळच्या पाळीला जायला, मुलाला शाळेत सोडायला तेच लागत असेल, तर भरवसा नसलेलं यंत्र आणणं ही एकट्याची हौस राहत नाही. अशा घरातल्या माणसाला मी सरळ ‘घेऊ नकोस’ असं सांगेन.

शंका हवेतून येत नाहीत. 2016 च्या ऑटो एक्स्पोमध्ये यूएम या अमेरिकी कंपनीने लोहिया समूहाबरोबर ‘रेनेगेड’ क्रूझर आणल्या. दोन लाखांच्या आत इतकी रुबाबदार गाडी मिळतेय म्हटल्यावर तरुणांनी त्या घेतल्या. काही वर्षांतच तो व्यवसाय गुंडाळला गेला आणि मालक सुट्या भागांसाठी वणवण करत राहिले. हार्ले-डेव्हिडसन तर शंभर वर्षांहून जुनी कंपनी. तिनेही सप्टेंबर 2020 मध्ये भारतातलं उत्पादन आणि विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार होऊन सुटे भाग आणि दुरुस्तीची जबाबदारी त्यांच्याकडे गेली, म्हणून गाडीमालक सावरले. नाव मोठं असलं म्हणजे भरवसा आपोआप येतो, हा समज त्या एका महिन्याने पुसून टाकायला हवा होता.

मे 2021 मध्ये रॉयल एनफील्डने मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट या 350 सीसी मॉडेलच्या मिळून 2,36,966 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बनलेल्या काही गाड्यांच्या इग्निशन कॉइलमध्ये दोष असल्याचं कंपनीच्याच चाचण्यांत आढळलं होतं. एवढा मोठा आकडा वाचून कुणीही बिचकेल. मला मात्र ही बातमी कंपनीच्या बाजूची वाटते. आपल्या मालातला दोष स्वतः जाहीर करून तो फुकट दुरुस्त करून देणाऱ्यावर मी अधिक विश्वास ठेवीन. त्यातलं मिटिऑर मॉडेल नोव्हेंबर 2020 मध्येच बाजारात आलं होतं, म्हणजे त्याची झळ लागली ती घाई करणाऱ्यांना. नव्या मॉडेलची पहिली खेप सोडून द्यावी, वर्षभर थांबावं, इतका संयम हौशी माणसालाही जमायला हरकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. किंमत उतरली, की शंका विसरून बुकिंग करायचा मोह वाढतो. तेव्हा तर हा संयम अधिकच हवा.

जुनी माणसं सांगतात, “कंपनी गेली तरी आपला मेकॅनिक आहे ना!” त्यांच्या काळात ते खरं होतं. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी येझदी पुढे वीस-पंचवीस वर्षं रस्त्यावर दिसत राहिली. टू-स्ट्रोक इंजिन साधं होतं. पुलाखालच्या गॅरेजातला मिस्त्री ते उघडून, कार्ब्युरेटर साफ करून, एखादा भाग लेथवर बनवून गाडी चालू करून द्यायचा. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. आता फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, एबीएस आहे. दोष शोधायलाच कंपनीचं उपकरण आणि सॉफ्टवेअर लागतं. त्यामुळे आज कंपनीने हात वर केले, की कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचं कसब अर्ध्यावर थांबतं. हा फरक आपण पुरेसा मनावर घेतलेला नाही.

आरटीओमध्ये गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. नंबर अंधेरीचा एमएच 02 असो, बोरिवलीचा 47 असो की मुलुंड-घाटकोपरचा 03, राज्याचा वाहन कर पहिल्याच दिवशी एकरकमी भरावा लागतो. म्हणजे आपण पंधरा वर्षांचा शब्द देऊन बसतो. कंपनीची वॉरंटी त्यातली थोडीच वर्षं सांभाळते. उरलेल्या वर्षांत सुटे भाग कोण देणार, हे शोरूममध्ये विचारायचंच राहून जातं. तिथे सायलेन्सरचा आवाज ऐकण्यात आपण रमलेले असतो.

विलेपार्ल्यात ग्राहक भवन आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं ते घर. गृहिणींचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेता घेता या संस्थेने उपनगरातल्या मराठी घरांना शिकवलं, की खरेदी डोळे उघडे ठेवून करायची आणि फसवणूक झाली तर गप्प बसायचं नाही. ती शिकवण डाळ-तांदळापुरती का ठेवायची? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करायची मुभा दिली. कंपनी चेन्नईची असली, तरी मुलुंडच्या ग्राहकाला वांद्र्याच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून पहिल्या बिघाडापासून जॉब कार्ड जपून ठेवायची.

या साऱ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते गाडी विकण्याबद्दल. त्रास देणाऱ्या गाडीला वैतागलेला मालक काय करतो? धुऊन-पुसून, बॅटरी बदलून, बरी चालते त्या दिवशी गिऱ्हाईकाला दाखवतो. घेणारा बहुधा आपल्याहून कमी पैसेवाला, जुनी गाडीच परवडणारा असतो. आपली शंका, आपला मनस्ताप आपण त्याच्या गळ्यात बांधतो आणि ‘सुटलो एकदाचा’ म्हणून घरी पेढे वाटतो. कायद्याच्या कचाट्यात हे सापडेल न सापडेल, पण ही फसवणूकच आहे. कंपनीने आपल्याशी जे केलं म्हणून आपण चिडतो, तेच आपण तिसऱ्याशी करतो.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितलं: रोजच्या कामाला दुसरी सोय असेल, घरच्यांना सगळं सांगून त्यांचा होकार मिळाला असेल, दुरुस्तीचे पैसे हप्त्याव्यतिरिक्त बाजूला ठेवता येत असतील, आणि उद्या विकताना प्रत्येक बिघाड घेणाऱ्याला सांगायची तयारी असेल, तर खुशाल घे. यातलं एक जरी जमत नसेल, तर थांब. तुमच्यापैकी कुणी या रविवारी शोरूममध्ये जाणार असेल, तर किंमत आणि मायलेजच्या आधी एवढं विचारा: या गाडीचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि उत्तर लेखी मागा.