खुराड्याची कडी

आरंभीच एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. मनात वाईट हेतू नसताना, केवळ माहिती नसल्यामुळे आपल्या हातून एखाद्या जिवाची हानी झाली, तर तो अपराध म्हणावा काय? ‘मला ठाऊक नव्हते’ या उत्तराने आपण खरोखर मोकळे होतो काय? या प्रश्नाकडे मला कोणत्याही ग्रंथाने नेले नाही. तिकडे नेले ते आमच्या परसातील कोंबड्यांनी.

माझे बालपण पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. आजीच्या परसात आठ-दहा गावरान कोंबड्या असत. मी सात-आठ वर्षांचा असताना एक कोंबडी रवणाला बसली होती. एकविसाव्या दिवशी एका अंड्याला बारीकसे भोक पडले आणि आतून चोच दिसू लागली. बराच वेळ गेला तरी पिल्लू बाहेर येईना. ते आत गुदमरत असावे असे वाटून मला त्याची दया आली. आजी शेजारी गेली होती. मी नखाने कवच सोलून पिल्लाला बाहेर काढले. आतल्या पातळ पापुद्र्यातून रक्त वाहू लागले आणि तासाभरात ते माझ्या ओंजळीतच निपचित पडले. आजी परतल्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अरं लेकरा, त्याला वेळ होता, तुलाच नव्हता.”

अंड्याला पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या अवधीत ते अडकलेले नसते. कवचाच्या आतल्या पापुद्र्यातील रक्त आणि उरलेला बलक ते आपल्या शरीरात ओढून घेत असते. तो बलक पोटात असतो म्हणूनच नुकते जन्मलेले पिल्लू पहिले दोन दिवस दाण्यावाचून राहू शकते. मी त्याला संकटातून सोडवले नव्हते. त्याचे काम मी अर्ध्यावर तोडले होते.

पुढे पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहाव्या वचनापाशी मी थबकलो. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराशी कसा वागतो, हे तेथे सांगितले आहे. काळजी घेणे, जपणे, दया करणे अशा अर्थाचे क्रियापद भाषांतरात सहज येते आणि ते चुकीचे नाही. परंतु मूळ हिब्रू क्रियापद ‘जाणणे’ हे आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराचा ‘नेफेश’, म्हणजे त्याचा जीव, त्याची भूक, त्याची गरज जाणतो. आणि वचनाच्या उत्तरार्धात दुष्टाच्या करुणेलाच क्रूर म्हटले आहे. मी आठ वर्षांचा पोर दुष्ट नव्हतो, एवढे मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो. पण माझी करुणा क्रूर ठरली होती, कारण तिच्यात जाणणे नव्हते.

कोंबडीसारख्या क्षुद्र जिवावरून एवढा विचार कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत कोंबड्या-बदकांची एकूण संख्या ८५ कोटींहून अधिक भरली आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी घराच्या परसातील होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी डालगे किंवा खुराडे होते, काहींच्या घरी आजही असेल. माणसाच्या हाती संपूर्ण विसंबून असलेला जीव आपण प्रथम पाहिला तो बहुधा तेथेच.

नोकरीनिमित्त आम्ही बंगळूरला आलो आणि शहराच्या कडेला घर केले. मागे थोडी मोकळी जागा होती. काही वर्षांपूर्वी पत्नीने चार कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. त्यांतली एक खुडूक झाली, तेव्हा आम्ही तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, न तडकलेली असावीत, एवढे आम्ही विचारून घेतले होते. सातव्या दिवशी रात्री अंधारात एकेक अंडे विजेरीवर धरून पाहिले. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या. दोन कोरी होती, ती काढून टाकली.

ती एकवीस दिवस कशी बसते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. छातीची पिसे झडून तेथील उघडी कातडी अंड्यांना टेकते. दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांसाठी ती दाणा-पाण्याला उठते. चोचीने अंडी वरचेवर फिरवत राहते, नाहीतर आतला गर्भ कवचाला चिकटून बसेल. उबवणी यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस तापमान राखावे लागते, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवावी लागतात आणि शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा लागतो. कोंबडीला यातला एकही आकडा ठाऊक नसतो, तरी तिचे सारे बिनचूक होते. विसाव्या दिवशी पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते आणि आतूनच चिवचिवते. कोंबडी खालच्या सुरात त्याला उत्तर देते. दोघांनी एकमेकांना अद्याप पाहिलेले नसते, पण ओळख झालेली असते.

नऊच्या नऊ पिल्ले निघाली. त्यानंतरचा पाचवा दिवस मी विसरू शकत नाही. त्या संध्याकाळी मी मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाचा मसुदा तपासत होतो. सदतिसाव्या वचनात प्रभू येशू यरुशलेमेसाठी विलाप करतो आणि पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला लावतो. तेथील ग्रीक शब्द ‘ऑर्निस’ याचा मूळ अर्थ पक्षी, परंतु रूढ वापरात कोंबडी. कोणता शब्द ठेवावा यावर मी टिपण लिहीत होतो. पत्नीने आतून विचारले, “अहो, खुराड्याची कडी लावलीत का?” मी म्हणालो, “लावतो.” आणि टिपण पूर्ण करून झोपलो.

रात्री उदमांजर आले. सकाळी खुराड्याचे दार सताड उघडे होते. पिसे अंगणभर पसरलेली, पिल्लांची आई आणि पाच पिल्ले नाहीशी झालेली. चार पिल्ले कोपऱ्यातील कौलांच्या ढिगाखाली थरथरत होती. मोठ्या कोंबड्या दिवस उजाडेपर्यंत आंब्याच्या फांदीवरून उतरल्या नव्हत्या. कोंबडीच्या मायेवर मी टिपण लिहीत होतो आणि माझ्या दारातली कोंबडी माझ्या एका शब्दावर विसंबून होती. येथे तर अज्ञानाची सबबसुद्धा नव्हती. मला ठाऊक होते, फक्त मी उठलो नाही.

त्या चार पिल्लांची आई आता आम्हांला व्हावे लागले. पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॅटचा दिवा टांगला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करीत न्यायची. परंतु तापमापकापेक्षा पिल्लेच अधिक सांगतात. दिव्याखाली दाटी करून ओरडू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्मा होतो आहे. खोकेभर विखुरून शांतपणे दाणे टिपू लागली तर सारे ठीक आहे. पाण्याच्या उथळ ताटलीत आम्ही गोटे ठेवले, कारण पिल्लू वाटीभर पाण्यातही बुडते. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात म्हणून खाली भाताचे तूस पसरले. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत थेंब घालून देतात, हे पशुवैद्यकाने सांगितले. त्या चिमुकल्या मानेला धरून थेंब सोडताना माझे बोट कापत होते. एका कोंबडीने दोन पंखांत सामावलेले काम करायला आम्हां दोन शिकलेल्या माणसांना दिवा, तापमापक, पशुवैद्यक आणि रात्रीची झोप एवढे सारे खर्ची घालावे लागले.

मग नवे खुराडे बांधले. जमिनीपासून दोन फूट उंच, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. प्रत्येक पक्ष्याला आत दोन चौरस फूट जागा. बसायला आडवी दांडी, पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी. हवा वरून खेळती राहावी, नाहीतर विष्ठेचा वास त्यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबतो. बाजारात मिळणाऱ्या षट्कोनी जाळीने कोंबडी आत राहते, पण शत्रू बाहेर राहत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश लागते, आणि घूस बीळ करून येऊ नये म्हणून ती सभोवार फूटभर जमिनीत पुरावी लागते.

वाचकहो, हे सारे तपशील मी मुद्दाम सांगितले. नीतीची चर्चा करताना आपण हेतूविषयी पुष्कळ बोलतो आणि जाळीच्या भोकाविषयी बोलत नाही. नियमशास्त्र मात्र त्याविषयी बोलते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात खड्डा खणून तो उघडा टाकणाऱ्या मनुष्याविषयी आज्ञा आहे. त्यात कोणाचे जनावर पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. त्याचा हेतू काय होता, हे तेथे विचारलेले नाही. विचारले आहे ते एवढेच, की त्याने खड्डा झाकला होता काय? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्यातील पक्षिणीला पिल्लांबरोबर धरू नये अशी आज्ञा आहे, आणि तिच्या लगोलग नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा येते. पक्षीण आणि कठडा यांची सांगड कशी, असे मला पूर्वी वाटे. त्यांच्या शेजाराचे कारण मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आता मला ते शेजार परके वाटत नाही. दुर्बळाविषयीची कणव आणि कठड्याची उंची या एकाच धर्माच्या दोन बाजू आहेत.

कोंबडीचा पूर्वज म्हणजे तांबडे रानकोंबडे. ते आजही आपल्या देशातील रानांत आहे. रात्र झाली की ते झाडावर उडून बसते. त्याला कोणाच्या कडीची गरज नाही. आग्नेय आशियात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास माणसाने त्याला दाणा दाखवला आणि घराजवळ आणले. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याच्यातून अधिक मांस आणि अधिक अंडी काढली. त्याचे उडणे आणि सावधपणा कमी होत गेला. म्हणजे कोंबडीचे दुबळेपण काही अंशी आपणच घडवले आहे. ज्याने दुसऱ्याला विसंबायला लावले, त्याच्याकडे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार फारसा उरत नाही. उत्पत्तीत माणसाला सत्ता दिली आहे हे खरे. परंतु सत्ता म्हणजे जाणून घेण्याचे ऋण आहे, असे मला वाटते.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो मी टाळणार नाही. शेवटी तुम्ही कोंबडी खाताच ना? मग ही माया कसली? आमच्या चार पिल्लांतून दोन कोंबडे निघाले. आधीचा एक होताच. एका खुराड्यात तीन कोंबडे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नाताळात एक आम्ही कापला. मी तो स्वतःच्या हाताने कापला, कारण ज्याला दिव्याखाली वाढवले त्याचा शेवट दुसऱ्यावर ढकलणे मला भ्याडपणाचे वाटले. मुलगी त्या दिवशी वरणभात खाऊन उठली. मी तिला दोष दिला नाही, आणि तिनेही मला दिला नाही. अंडी देणाऱ्या जातींच्या मोठ्या उबवणी केंद्रांत नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारण्याची पद्धत चालत आली आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून तिच्यावर कायद्याने बंदी घातली. बाजारातून अंडे आणणारा प्रत्येक जण त्या हिशेबात कोठेतरी आहे, मीही आहे. मांस खावे की न खावे, याविषयी प्रत्येकाने आपल्या विवेकाशी निर्णय करावा. मी एवढेच म्हणतो, की खाणाऱ्याने न जाणता खाऊ नये. त्या नाताळापासून जेवणापूर्वीची माझी प्रार्थना थोडी लांबली आहे.

पुन्हा मत्तयाच्या त्या वचनाकडे येतो. प्रभूने गरुडाची उपमा घेतली असती तरी शोभली असती. शास्त्रात ती आहेच. त्याने घेतली ती कोंबडीची. घारीशी ती झुंजते, पण उदमांजरापुढे तिचे काही चालत नाही, आणि तरी ती पिल्लांना सोडून झाडावर गेली नाही. त्या रात्री इतर कोंबड्या फांदीवर वाचल्या. ती उडू शकत होती. माझ्या टिपणात आता ‘कोंबडी’ हाच शब्द आहे, आणि त्याच्यापुढे कोणतेही स्पष्टीकरण नाही.

आपल्या घरी खुराडे नसेल, पण आपल्या एका शब्दावर विसंबून झोपणारे कोणीतरी असेलच. अंथरुणाला खिळलेली आई असेल, घरकामाला येणारी मुलगी असेल, नाहीतर मंडळीतले एखादे वृद्ध असेल. त्यांना काय लागते, हे आपण विचारून घेतले आहे काय? रोज संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मी हातातले काम तसेच टाकून परसात जातो, पक्षी मोजतो, कडी लावतो. लावल्यावर एकदा ओढून पाहतो, आणि मगच घरात येतो.