सूर कोणाचा?

संस्कार म्हणजे भर घालणे की छाटणे, हा वाद दिवाळीत घर भरले की हमखास रंगतो. त्याचा उलगडा मला वाद्यांपाशी होतो.

सिंथेसायझर या विजेवरच्या वाद्याचा मूळ आवाज भरघोस, काहीसा कर्कशच असतो. त्यात मुख्य सुराबरोबर अनेक उपस्वर दाटलेले असतात. ‘कटऑफ’ची कळ खाली आणली की ठरलेल्या सीमेपलीकडचे उपस्वर दबतात व आवाज मवाळ होतो. ‘रेझोनन्स’ वाढवला की त्या सीमेलगतचे स्वर उठून येतात. रॉबर्ट मूग यांच्या अशा एका फिल्टरला १९६९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी असल्याच यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले.

सांगलीशेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात, तिथे उलटा प्रकार. कारागीर घोडीचा पसरट माथा बेताने घासतो. तार त्यावर निसटती टेकते. तिच्याखालचा दोरा तिळभर सरकवला की दडलेले उपस्वर फुलून येतात. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या करामतीचे शास्त्र मांडले.

एक दाबतो, दुसरा खुलवतो. म्हणून दाबणारा दुष्ट ठरतो काय? मुळीच नाही. वेलीलाही छाटावे लागते. धोका निराळाच आहे. रेझोनन्स हद्दीबाहेर वाढवला तर पुष्कळसे फिल्टर आत सूर सोडलेला नसतानाही स्वतःच शिटीसारखे गाऊ लागतात! ऐकणाऱ्याला वाटते, काय गोड आवाज आहे. पण तो वाद्याचा नसतो, गाळणीचा असतो.

साताऱ्यात वर्गावर निबंध तपासताना मला हीच धास्ती असते. चाळीस वह्यांत पहाट एकाच थाटात ‘सोनेरी पावलांनी’ उगवली, तर ती मुलांची पहाट नव्हे, ती माझी. आईबापांनाही हीच कसोटी लावता येईल. थोरल्याला आणि धाकटीला वळण लावल्यावर दोघांतून एकच सूर निघत असेल, तर तो त्यांचा नाही, आपला आहे.

मिरजेचा कारागीर एकदा घासतो, तार छेडतो, ऐकतो. मगच पुन्हा हात लावतो. वळण लावण्याचा हक्क, मला वाटते, या ऐकण्यातूनच मिळतो.