ओटी राखा

सज्जनहो, घराला संस्कृतात गृह म्हणतात. ग्रह् या धातूपासून हा शब्द झाला. जे ग्रहण करते, आलेल्याला आत घेते, ते गृह. आता आपले घर कोणाकोणाला आत घेते, ते ज्याचे त्याने पाहावे.

सप्ताहाच्या निमित्ताने जुन्नर-आंबेगावात माझे पुष्कळ हिंडणे झाले. पश्चिमेला आहुपे, घाटघरकडे जा. तिथला पाऊस म्हणजे चार महिने आभाळ खाली उतरलेले! म्हणून तिथल्या जुन्या घरांचे छप्पर चांगले उतरते, वळचण खाली आलेली, कारवीच्या कुडाला शेणमातीचा लिंपा. गाईगुरे, माणसे, चूल सगळी एका छपराखाली. चुलीचा धूर वर जाई आणि वासे कोरडे राहात. तेच पूर्वेला आणे पठारावर गेलात, तर पाऊस थोडा आणि ऊन फार. तिकडे भिंती जाड, म्हणजे वैशाखातही माजघर गार. वाडवडिलांनी पावसाशी आणि उन्हाशी भांडण केले नाही. त्यांना ओळखून घर बांधले.

म्हणून जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. त्याच धुराने माउल्यांचे डोळे गेले. सारवता सारवता त्यांच्या कमरा मोडल्या. आणि खरे सांगायचे, तर त्याच ओटीवर काहींना बसायला घोंगडी मिळे आणि काहींना खाली अंगणातच उभे राहावे लागे. ते पाप आपल्या माथी आहे. ज्या गोष्टीसाठी संत झिजले, ती आपल्याच दारात उमटली नाही! जुने घर पाडताना ते पापही पाडा.

घर कायमचे कोणाचे? घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव पाण्यात गेले. तालुक्याला नाव राहिले, गाव राहिले नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर जीव सकाळच्या पहरी मातीखाली गेले. मागे राहिलेल्यांना आमडे येथे नवी पक्की घरे मिळाली. त्या घरांना कोण नावे ठेवील? ज्याने मातीची भिंत अंगावर घेतली, त्याला मातीचे कौतुक सांगू नये. तेव्हा स्लॅब घाला, लाद्या बसवा, बाईला धुरातून सोडवा. त्याला धर्माची आडकाठी नाही.

पण एक गोष्ट सांगतो. एका गावी नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला माझे कीर्तन होते. घरचे म्हातारबाबा जुन्या खांबांच्या ढिगावर एकटेच बसलेले. मी म्हटले, "बाबा, घर छान झालं की!" ते म्हणाले, "झालं खरं, महाराज. पण कार्तिकीला दिंडी आळंदीला निघाली, की आपल्या ओटीवर टेकायची. आता लोखंडी जाळी आलीया. इणा कुठं टांगायचा?" नातू मागे उभा होता. तो काही बोलला नाही. पुढच्या खेपेला गेलो, तर जाळी एक खण आत सरकलेली. पुढे मोकळी पडवी, तिथे जुना खांब उभा आणि खांबाला तीच खुंटी. मी पायरीवर बसलो आणि मला भरून आले.

पुंडलिकाची गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. आत आईबापांची सेवा चाललेली, बाहेर देव आलेला. पुंडलिकाने आईबाप सोडले नाहीत आणि देवालाही परत लावले नाही; वीट पुढे केली. ती वीट हीच ओटी! आत म्हातारी माणसे आणि दारात आल्यागेल्याला टेकायला जागा, एवढे असले की ते वारकऱ्याचे घर. मग वर गवत असो, कौल असो की स्लॅब असो.

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. तो तुळशीमाळ घालूनच येईल असे नाही. त्याची जात विचारू नका, आधी पाणी द्या. आणि घर बांधायला काढाल, तेव्हा गवंड्याला सांगा, 'बाबा, पुढे दोन हात जागा मोकळी सोड.'

रामकृष्णहरी!