बायबल असताना सेनेका कशाला?



दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. आधी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते लिहावे असे त्यांच्या मनात होते. पुढे विचारांती ते सर्वच श्रद्धावंतांना उद्देशून झाले. चांगल्या साहित्यामुळे माणूस परिपक्व होतो, दुसऱ्याचे दुःख ओळखू लागतो, असा त्याचा आशय. कथा-कवितांपर्यंत ठीक आहे, पण सिसेरो, व्हर्जिल, सेनेका ही नावे घेतली की प्रश्न टोकदार होतो. हे तर मूर्तिपूजक रोमन. त्यांच्याच साम्राज्याने आपल्या प्रभूला क्रुसावर दिले. बायबल हाती असताना त्यांची पुस्तके कशाला उघडायची?

ही शंका खुद्द संतांनाही छळत होती. संत जेरोम उपवास करीत आणि उपवास झाला की सिसेरो वाचायला बसत! पुढे आजारपणात त्यांनी स्वप्न पाहिले. न्यायासनापुढे 'मी ख्रिस्ती' असे सांगताच, तू सिसेरोचा आहेस, ख्रिस्ताचा नाहीस, असे त्यांना सुनावण्यात आले व फटकेही बसले. त्यांनी ती पुस्तके सोडण्याची शपथ घेतली. पण त्यांच्या नंतरच्या लिखाणातही व्हर्जिल डोकावतच राहिला, आणि विरोधकांनी त्यावरून त्यांना टोमणे मारले. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या ह्या संताचे लॅटिन त्याच पुस्तकांवर पोसले होते. आपल्यातील वयस्कर मंडळींना आठवणारी जुनी लॅटिन मिस्सादेखील ह्याच भाषेतली.

संत ऑगस्टिन ह्यांचे उदाहरण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. एकोणिसाव्या वर्षी, भरकटलेल्या दिवसांत, त्यांच्या हाती सिसेरोचा 'होर्तेन्सियुस' हा ग्रंथ आला. शहाणपणाची तहान लावणारे ते पुस्तक. त्यानेच आपल्या प्रार्थना देवाकडे वळवल्या, असे त्यांनी पुढे लिहिले. एकच उणीव त्यांना जाणवली : त्यात ख्रिस्ताचे नाव नव्हते. (तो ग्रंथ आज हरवला आहे, काही तुकडे तेवढे उरले आहेत.) मराठी ख्रिस्ती माणसाला ह्यात नवल वाटू नये. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत असत, हे आपण जाणतोच. पूल म्हणजे मुक्काम नव्हे, पण म्हणून तो कोणी पाडत नाही.

सेनेकाच्या बाबतीत मात्र आक्षेप याहून जड आहे. तो नीरो बादशहाचा शिक्षक आणि सल्लागार. साधेपणाचा उपदेश करणाऱ्याने तीस कोटी सेस्टर्स कोणत्या तत्त्वज्ञानाने जमवले, असा टोमणा त्याला हयातीतच ऐकावा लागला. इ. स. ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईला ठार करविले. त्याचे समर्थन करणारे पत्र सेनेकानेच लिहून दिले, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. अशा माणसाकडून नीती शिकायची?

शिकायची, असे आम्ही म्हणू. सत्य कोणीही सांगो, ते पवित्र आत्म्याकडूनच येते, हे संत थॉमस अक्वायनस ह्यांनी मानले आहे. शास्त्री-परूश्यांचे सांगणे ऐका, त्यांची करणी मात्र उचलू नका, असे प्रभूनेही शिकवले. शिवाय सेनेका वैद्याचा आव आणत नाही. तुझ्याच दवाखान्यात पडलेला मीही एक रोगी, असे तो आपल्या मित्राला, लुसिलियसला, कळवतो. आम्हांला तर ह्या कबुलीमुळेच तो जवळचा वाटतो.

त्याची १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतले ४७वे गुलामांविषयी आहे. धनी पोट फुटेस्तोवर जेवतो आणि गुलाम उपाशी, मुकाट्याने भोवती उभे. कोणी खोकला तरी छडी. सेनेका विचारतो, हे गुलाम म्हणजे माणसेच ना? तीही तुझ्यासारखीच जन्मली, तोच श्वास घेतात, मग त्यांच्याबरोबर जेवायला लाज कसली? साधारण त्याच पिढीत संत पौल फिलेमोनला लिहितात, की पळालेल्या अनेसिमाला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घरात घे. दोघांनीही गुलामगिरी बंद करा असे म्हटले नाही. पण सेनेका माणुसकीपर्यंत येतो, पौल बंधुत्वापर्यंत नेतात. योगायोग असा की ज्या गल्लियोपुढे करिंथ येथे पौलांना उभे केले गेले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८), तो सेनेकाचा सख्खा भाऊ.

आता आपल्या पुण्यातल्या घरांत येऊ. आपल्या कितीतरी भगिनी कल्याणीनगर, कोरेगाव पार्कातल्या घरांत धुणीभांडी करतात आणि आपल्यातल्याच काही घरांत मोलकरीण येते. आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा नगर जिल्ह्यातल्या गावांतून आले. तिथे त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, ही आठवण अजून घराघरांत आहे. त्याच घरांत मोलकरणीचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असतो का? ती चहा कुठे बसून पिते? फिलेमोनला लिहिलेले पत्र आपल्या इतके ओळखीचे आहे की ते कानांवरून निघून जाते. परक्याने तीच गोष्ट जेवणाच्या ताटाशी आणून ठेवली की ती टोचते.

एका वेळी फार पुस्तके चाळू नयेत, रोज एकच विचार घेऊन तो पचवावा, असा सेनेकाचाच सल्ला आहे. ४७वे पत्र लहान आहे, एका बैठकीत होते. इंग्रजी भाषांतराची प्रत आमच्याकडे आहे. कोणाला हवी असल्यास रविवारी मिस्सानंतर मागावी. त्यासोबत फिलेमोनला पत्रही वाचावे. त्याला एकच अध्याय आहे.