कुठून आले, कसे आले

परदेशी गेलेला मुसलमान माणूस ताटाला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारतो : हे कशाचे आहे? 2019 च्या सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको लंडनला एका बालमित्राकडे आठ दिवस राहिलो, तेव्हा हा प्रश्न आम्हीही जागोजाग विचारला. पण त्यातला एक दिवस असा गेला की तो प्रश्न आमच्यावरच उलटला.

मित्र ईस्ट हॅमला राहतो. खाडीकाठच्या आमच्याच गावचा. तीसेक वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि तिथलाच झाला. गाव मात्र त्याच्या जिभेवरून उतरलेले नाही. रविवारी सकाळी डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाडीने त्याने आम्हाला थेट साउथ केन्सिंग्टनला नेले. "व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम बघा. तिकीट नाही, आणि आपल्या वस्तू भरपूर आहेत," तो म्हणाला.

पहिली वस्तू म्हणजे टिपू सुलतानांचा वाघ. लाकडी, जवळजवळ खऱ्या वाघाएवढा, गोऱ्या माणसाच्या उरावर बसलेला. त्याच्या पोटात वाद्य आहे. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो, अशी रचना. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले, सुलतान शहीद झाले आणि लुटीत हा वाघ इंग्रजांच्या हाती लागला. 1808 पासून तो कंपनीच्या लंडनमधील कचेरीत लोकांना दाखवला जाऊ लागला. आम्ही पाहिला तेव्हा एक लहान मुलगा काचेला नाक लावून खदखदून हसत होता. त्याचा काय दोष? पण आमच्या घशात काहीतरी अडकले. मित्र म्हणाला, "चोरलेला दागिना चोराने तिजोरीत जपला, म्हणून तो त्याचा होतो का?" आम्ही मान डोलावली. आजही डोलावतो.

तेथून जमील दालनात गेलो. मधोमध मोठ्या काचेखाली अर्दबीलचा गालिचा पसरलेला होता. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटे त्यावर नीट प्रकाश सोडत. आम्ही अंधुक उजेडात वाट पाहत बसलो. दिवे उजळले आणि सुमारे साडेदहा मीटर लांबीचा तो गालिचा डोळ्यांत मावेना. इराणात अर्दबीलला शेख सफीउद्दीन यांचा दर्गा आहे, तिथला हा गालिचा. एका टोकाला विणून घेतलेली सही आहे : मकसूद काशानी, हिजरी 946, म्हणजे इसवी 1539-40. सही करणाऱ्याने स्वतःला उंबरठ्याचा सेवक म्हटले आहे. एवढे काम, आणि स्वतःची ओळख एवढीच.

"हाही लुटलेलाच," आमच्या तोंडून गेले. मित्राने माहितीचा फलक वाचला आणि गप्प झाला. हा गालिचा लुटलेला नव्हता, विकलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो दर्ग्यातून बाहेर पडला. दुरुस्तीसाठी पैसा हवा होता, असे सांगतात. 1893 मध्ये म्युझियमने तो दोन हजार पौंडांना घेतला. मुळात गालिचे दोन होते, जोडीचे. दोन्ही झिजलेले. एक पुरा करण्यासाठी दुसरा कापून त्याचे तुकडे याला जोडले. दुसऱ्याचे जे उरले, ते आता अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये आहे. दहा मिनिटे संपली आणि दिवे मंद झाले.

दुपारी मित्राने पूर्व लंडनमध्ये मासे-बटाटे खायला नेले. इथला माणूस याला अगदी आपला, इंग्रजी पदार्थ मानतो. पण पिठात बुडवून मासा तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी इकडे आणली असे मानतात, आणि बटाटा तर अमेरिकेचा. मासा हलालच, प्रश्न तळण्याचा होता, कारण जुन्या पद्धतीत तो गुरांच्या चरबीत तळतात. आम्ही विचारले, दुकानदाराने तेलाचा डबा उचलून दाखवला. सूर्यफुलाचे होते. सुरमईवर वाढलेल्या जिभेला तो पांढरा मासा फिकाच लागला. मीठ आणि व्हिनेगर शिंपडून खाल्ला.

खाता खाता आमच्यातली एक म्हणाली, "मशिदीचे खांब कुठे गेले हो आपल्या?"

दोघेही पुरुष खाली बघू लागले. गावची जुनी मशीद सागवानी होती. खांबांवर वेलबुट्टी, मिंबरही कोरीव. छप्पर गळत होते. जमातीने ती पाडून काँक्रीटची बांधायचे ठरवले. पैसा आखातातून आणि लंडनमधून आला. त्यात या मित्राचेही पौंड होते. बैठकीत हात वर करणाऱ्यांत आमच्यातला एक होता, आणि घरी आल्यावर दुसरीने काही विचारले नाही. खांब मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकले. आलेल्या रकमेत वजूच्या जागेच्या फरशा झाल्या. गावच्या एका जुन्या खतीबांनी हाताने लिहिलेला कुरआन होता. पाने सुटली म्हणून तो अदबीने विहिरीत थंड केला.

मित्र चिडून म्हणाला, "लोक भिजत नमाज पढत होते. लाकडाला पुजायचे होते का?" त्याचे म्हणणे खोटे नाही. आपल्या दीनमध्ये खांबाला महत्त्व नाही, त्याखाली टेकलेल्या कपाळाला आहे. अर्दबीलच्या लोकांचीही गरज खरीच असेल. पण छप्पर बदलून खांब ठेवता आले असते का, हे आम्ही कोणाला विचारले नाही. खांब कोणी कोरले, विचारले नाही. वक्फची वस्तू विकण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे, तेही नाही. तेलाचा डबा मात्र उचलून बघितला.

अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचत्या करा, असा सूरह निसामध्ये हुकूम आहे. आपण तो दुसऱ्याला ऐकवतो. वाघाचा हिशेब इंग्रजांनी द्यायलाच हवा. आमच्या चुकीने त्यांची लूट माफ होत नाही. पण खतीबांच्या कुरआनचा हिशेब आम्ही कोणाच्या नावावर टाकणार? ती अमानत आमच्याच हाती होती, आणि तिचे हक्कदार गावात अजून जन्मायचे होते.

परत आल्यावर आम्ही मुतवल्लींकडे चौकशी केली. मदरशामागच्या पडवीत लाकडांच्या ढिगात मिंबराच्या दोन पायऱ्या सापडल्या. एकीला वाळवी लागली होती, दुसरीवरची वेल शाबूत होती. दोन्ही पुसून, औषध लावून, गोणपाटात बांधून आम्ही घरी ठेवल्या, आणि जमातीच्या वहीत तशी नोंद करून घेतली. नव्या मशिदीत त्यांना कुठे जागा द्यायची, यावर अजून एकमत झालेले नाही. मित्र दर ईदला फोनवर विचारतो, "पायऱ्या ठीक आहेत ना?"